चिरोट्याचे पदर आणि हिमालयातला बर्फ

दिवाळीचा फराळ संपत आला की वडोदऱ्यातल्या मराठी घरांत दोन विषय निघतात. एक लग्नाच्या तारखांचा आणि दुसरा डिसेंबरच्या सहलीचा. पूर्वी सहल म्हणजे अष्टविनायक, महाबळेश्वर, फार तर माउंट अबू. आता नागरवाड्यातल्या कॉलेजच्या मुलांच्या तोंडी केदारकंठाचं नाव असतं. नोकरीला लागलेल्यांना गुलमर्गला स्कीइंग शिकायचं असतं, आणि नवी जोडपी अटल बोगद्यातून थेट लाहौलमध्ये उतरतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर. डोंगर म्हणून आपल्याला ठाऊक तो पावागड. अशा गावातली मुलं साडेतीन-चार हजार मीटरवर बर्फ तुडवून येतात, याचं कौतुक व्हायलाच हवं.

अडचण एवढीच आहे की पाण्याबद्दल आपल्या घरांत जे शहाणपण आहे, ते बर्फाबद्दल नाही. पावसाळ्यात आजव्याची पातळी किती झाली, हे आजी-आजोबासुद्धा विचारतात. विश्वामित्री २६ फुटांवर गेली की गाड्या कुठे हलवायच्या, तळमजल्यावरचं सामान कधी वर चढवायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र आपण फोटो पाहतो, जॅकेट घेतो आणि निघतो. बर्फालाही धोक्याची पातळी असते, ती रोज मोजली जाते आणि थोडीफार आपल्यालाही वाचता येते. या लेखात तेवढंच सांगायचं आहे.

माणदेशातून सियाचीनला

हिमस्खलन हा विषय मराठी घरांना अगदीच परका नाही. तो आला आहे तो मुख्यतः सैन्याच्या वाटेनं. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवरच्या सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली. ही चौकी सुमारे १९,६०० फुटांवर आहे. तिथले दहा जवान गाडले गेले. त्यांत नर्सिंग असिस्टंट सुनील सूर्यवंशी होते. ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मस्करवाडीचे. जिथे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, अशा दुष्काळी भागातला मुलगा पंचवीस-तीस फूट बर्फाखाली गेला.

त्याच दुर्घटनेत धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले होते. साऱ्या देशानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांची प्राणज्योत मालवली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या गुरेज आणि माछिल भागांत हिमस्खलनांनी जवानांचे बळी घेतले. त्या वेळीही महाराष्ट्रातल्या अनेक गावांत तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या आल्या.

जवानाला आपली जागा निवडता येत नाही. चौकी जिथे आहे तिथे तो राहतो. सहलीला किंवा ट्रेकला जाणाऱ्या माणसाला मात्र जागाही निवडता येते आणि दिवसही. म्हणूनच आपली जबाबदारी जास्त आहे.

बर्फ एकजीव नसतो

सोनमला कोसळली ती हिमनदीवरच्या घट्ट बर्फाची भिंत होती. ट्रेकर आणि स्कीअर यांचा जीव बहुतेक वेळा घेते ते वेगळ्या प्रकारचं स्खलन. उतारावर साचलेल्या बर्फाचा एक मोठा थर, एखादी फरशी निसटावी तसा, अखंड सुटतो आणि खाली येताना फुटत जातो. असं का होतं, हे समजायला चिरोटे आठवा.

चिरोटे करताना पोळ्या लाटतात, एकीवर एक ठेवतात आणि मध्ये साठा लावतात. तूप आणि तांदळाच्या पिठाचा तो साठा पदर एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणूनच तळताना पदर सुटतात. डोंगरावरचा बर्फ असाच पदरापदरांचा असतो. नोव्हेंबरच्या हिमवर्षावाचा एक पदर, डिसेंबरचा दुसरा, मध्ये ऊन पडून कडक झालेली पापडी, त्यावर वाऱ्यानं आणून टाकलेला भुगा. सगळे पदर एकमेकांत मुरले तर बर्फ पक्का होतो. दोन पदरांमध्ये ‘साठा’ राहिला तर वरचा पदर नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो.

हा साठा मुख्यतः दोन प्रकारे तयार होतो. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात ते फार सुंदर चमकतात. त्यावर नवा बर्फ पडला की ते गाडले जातात आणि कच्चा पदर म्हणून आठवडेच्या आठवडे टिकतात.

दुसरा प्रकार अधिक फसवा. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास असतं, तर वरची हवा उणे वीस असू शकते. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण आपला आकार बदलून साखरेसारखे टपोरे, सुटे होतात. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की हे घडू लागतं, असा ढोबळ हिशेब आहे. आता गणित करा. बर्फ दोन मीटर जाड असेल तर वीस अंशांचा फरक दर दहा सेंटिमीटरला एकच अंश येतो. बर्फ फक्त अर्धा मीटर असेल तर तोच फरक दर दहा सेंटिमीटरला चार अंश होतो. म्हणजे बर्फ जितका पातळ आणि थंडी जितकी कडक, तितकी तळाशी साखर जास्त. मग फेब्रुवारीत त्या साखरेवर एकदम तीन-चार फूट नवा बर्फ पडतो. पाटावर साखर पसरून वर जड परात ठेवावी आणि पाट तिरका करावा, तसं ते होतं.

‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हा समज म्हणूनच खोटा आहे. सुरुवातीला कोरडा गेलेला आणि नंतर अचानक भरून आलेला हिवाळा अधिक जपून वागण्याचा असतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला बर्फ नाही म्हणून बातम्या येत होत्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जोरदार हिमवर्षाव झाला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्ग परिसरात हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, गुलमर्गच्याच अफरवत शिखरावर दोन पोलिश स्कीअर गेले होते.

मावठं आणि हिमवर्षाव

हिमालयात हिवाळ्यात पडणारा बर्फ बराचसा पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेले हवेचे विक्षोभ इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलवर येतात. त्यातला एखादा जोरकस असला की त्याचं शेपूट गुजरातवरही फिरतं आणि आपल्याकडे जानेवारीत मावठं होतं. गव्हाचं, जिऱ्याचं काय होईल म्हणून शेतकरी हवालदिल होतो. पुढच्या वेळी वडोदऱ्यात हिवाळ्यात ढग भरून आले तर लक्षात ठेवा, उत्तरेत डोंगरावर त्याच सुमारास बर्फाचे पदर चढत असण्याची शक्यता बरीच आहे.

सगळा हिमालय सारखा नाही. गुलमर्ग आणि मनाली ज्या पीर पंजाल रांगेच्या अंगाखांद्यावर आहेत, तिथे बर्फ भरपूर पडतो, हवा तुलनेनं उबदार असते आणि बर्फ लवकर मुरतो. मात्र ऐन हिमवर्षावात आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस तिथे धोका मोठा असतो. लडाख, काराकोरमकडे बर्फ कमी आणि थंडी भयंकर. तिथे साखरेचा पदर फार काळ टिकतो. लाहौल या दोन्हींच्या मधला.

ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि एरवी हिवाळ्यात तुटणारं लाहौल आपल्याला मनालीहून तासाभरावर आलं. रस्ता सोपा झाला म्हणून रस्त्याच्या वरचा डोंगर सोपा झालेला नाही. त्या मार्गावर काही ठिकाणी काँक्रीटची छपरं दिसतात. ती बर्फाच्या जुन्या, ठरलेल्या वाटांखाली बांधलेली आहेत, वरून येणारा लोंढा छपरावरून निघून जावा म्हणून. गाडी थांबवून सेल्फी काढायची ती जागा नव्हे.

कंपासपेटीतला गुण्या

हिमस्खलनाला तीन गोष्टी लागतात. कच्चा पदर, त्यावर ओझं आणि पुरेसा उतार. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण तिसरी मोजता येते. शाळेच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाला ३० आणि ६० अंशांचे कोन, दुसऱ्याला ४५ चे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सरकत नाही, आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. ३० आणि ४५ अंशांचे कोन डोळ्यांत बसवून घ्या. आता फोनमध्येही उतार मोजण्याची सोय असते.

गंमत अशी की स्कीइंगला मजा येते तोही उतार साधारण हाच. आणि आपण स्वतः सपाटीवर असलो तरी आपल्या वर असा उतार असेल तर आपण त्याच्या वाटेत उभे आहोत. ज्या पट्ट्यात झाडंच नाहीत, किंवा आहेत ती एकाच दिशेनं वाकलेली, डोंगराकडच्या फांद्या तुटलेली, तिथून बर्फ पूर्वी गेलेला आहे असं समजावं.

ओझं म्हणजे नवा बर्फ, वाऱ्यानं वाहून आणलेला बर्फ, पाऊस आणि शेवटी माणूस. सिनेमात कोणीतरी ओरडतो आणि डोंगर कोसळतो. ते खोटं आहे, आवाजानं हिमस्खलन होत नाही. पण माणसाच्या वजनानं होतं. ट्रेकर आणि स्कीअर ज्या स्खलनांत सापडतात, त्यांतली दहांपैकी नऊ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सुरू केलेली असतात. पाऊल पडतं, खालचा कच्चा पदर दबतो, तडा सरसर पसरतो आणि आपल्या वरून फरशी सुटते. आधी दहाजण त्याच वाटेनं गेले, म्हणून अकरावा सुरक्षित आहे असं नाही. पुढच्यांचे ठसे म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

बर्फ कधीकधी सूचनाही देतो. समोरच्या डोंगरावर ताजं स्खलन दिसणं, पायाखाली ‘धप्प’ असा बसल्याचा आवाज येणं, पावलापासून तडे लांबवर धावणं, या तीनपैकी एक जरी खूण दिसली तरी मागं फिरावं. आणखी एक, दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं, तेव्हा हॉटेलात कोंडलेले सगळे बाहेर धावतात. फोटोला तो दिवस उत्तम, पण बर्फ त्या दिवशी अजून मुरलेला नसतो.

इशारा होता, वाचला कोणी?

आपल्या देशात बर्फाचा अभ्यास १९६९ पासून चालू आहे. संरक्षण संशोधन संस्थेची मनालीची हिम व हिमस्खलन अभ्यास प्रयोगशाळा त्या साली सुरू झाली. ‘सासे’ या नावानं ती ओळखली जायची. २०२० पासून तिचं काम चंदीगडच्या ‘डीजीआरई’ या संस्थेत चालतं. हिवाळ्यात ही संस्था काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीमसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी त्यात असते, आणि नकाशावर हिरव्यापासून लालपर्यंत रंग असतात.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन झालं. ५४ कामगार सापडले, ४६ वाचले, आठ गेले. आदल्या संध्याकाळीच चमोली जिल्ह्यातल्या २,४०० मीटरच्या वरच्या भागांसाठी इशारा दिलेला होता, आणि माणा ३,२०० मीटरवर आहे. कामगारांना जागा सोडणं त्यांच्या हाती नव्हतं. आपल्या हाती असतं.

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोक ते नथुला रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले. त्या दिवशी परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. मधल्या दोन मैलांची किंमत काय झाली ते वेगळं सांगायला नको. ड्रायव्हरला शंभर-दोनशे जास्त देऊन ‘थोडं पुढे’ जाणारे आपण सगळेच पाहतो.

युरोपात धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिथे सर्वाधिक मृत्यू चौथ्या-पाचव्या पातळीला होत नाहीत, तिसऱ्या पातळीला होतात. लाल रंग पाहून माणूस घरी बसतो, मधला रंग पाहून ‘बघू’ म्हणतो. त्या ‘बघू’मध्येच धोका आहे.

पहिली पंधरा मिनिटं

सुटलेला कोरडा बर्फ ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग घेतो. तो कापसासारखा दिसला तरी थांबताक्षणी आवळून घट्ट होतो. एक घनमीटर ढिगाऱ्याचं वजन तीन-चारशे किलो सहज भरतं. आत सापडलेल्याला बोटही हलवता येत नाही. बहुतेक मृत्यू गारठून होत नाहीत, गुदमरून होतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांपैकी सुमारे नऊजण वाचतात. अर्ध्या तासानंतर तेच प्रमाण तिघांपर्यंत घसरतं. माण्याचे बरेचसे कामगार वाचले, कारण ते लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि आत हवा होती.

पंधरा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. बरोबरचा माणूसच वाचवू शकतो, आणि त्यासाठी तीन वस्तू प्रत्येकाकडे लागतात. गाडलेल्याचा रेडिओ संदेश पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब घडीची काठी आणि धातूचं फावडं. यातली एक नसली तर बाकीच्या दोन निरुपयोगी. मोबाइल हे काम करत नाही. कोणी सापडलाच, तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेत धरावी, आणखी काही वरून येत नाही ना हे पाहावं आणि लगेच शोधाला लागावं. सगळेच मदत आणायला पळाले तर उशीर झालाच.

शिकलेलेही सापडतात

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रगत अभ्यासक्रमाचा चमू द्रौपदी का दंडा-२ या शिखरावर होता. हिमस्खलनात २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांच्या अंतरात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं सर केली होती. तरबेज माणसांवरही हे येतं. त्याचा अर्थ शिकून उपयोग नाही असा मुळीच नाही. शिकलेल्यानंही डोंगरापुढे नम्र राहावं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांना खरंच डोंगरात जायचं आहे त्यांनी रीतसर शिकावं. अबूच्या गिर्यारोहण संस्थेत खडक चढायला शिकता येतं. बर्फासाठी उत्तरकाशी, मनाली, पहलगाम, दार्जिलिंग इथे सुमारे चार आठवड्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम आहेत. मराठीतून विचारपूस करायची तर पुण्याची ‘गिरिप्रेमी’ संस्था आहे. २०१२ मध्ये एव्हरेस्ट, २०१९ मध्ये कांचनगंगा आणि २०२१ मध्ये हिमस्खलनांसाठी कुख्यात असलेलं अन्नपूर्णा, अशा मोहिमा त्यांनी केल्या आहेत.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

घरातल्या मोठ्यांनी ‘जाऊ नको’ म्हणण्यापेक्षा मुलांबरोबर बसून आयोजकाला हे विचारावं.

१. वाट ३० अंशांहून तीव्र उतारावरून किंवा त्याच्या खालून जाते का? कुठे?

२. हिमस्खलनाचा इशारा रोज कोण पाहतं आणि कुठल्या पातळीला तुम्ही पुढे जात नाही?

३. ताज्या हिमवर्षावानंतर किती थांबता? त्यासाठी जादा दिवस ठेवला आहे का?

४. धोक्याच्या पट्ट्यात एकेकजण सोडता की सगळी रांग एकदम?

५. ट्रान्सीव्हर, काठी, फावडं प्रत्येकाला मिळतं का, आणि वापरायला शिकवता का?

६. अर्ध्यातून मागं फिरावं लागलं तर पैशांचं काय?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण खरी मेख तिथेच आहे. वर्षभर साठवलेले पैसे, मोठ्या मिनतवारीनं मिळालेली रजा, परतीचं ठरलेलं आरक्षण आणि ‘इतक्या लांब आलो तर’ हे वाक्य. बर्फावरचे बरेच चुकीचे निर्णय या ओझ्याखाली होतात. ते ओझं घरातले कमी करू शकतात. निघतानाच मुलाला किंवा मुलीला सांगून ठेवावं की शिखर न करता परत आलास तरी पैसे वाया गेले असं या घरात कोणी म्हणणार नाही. आणि ते म्हणू नयेच. केदारकंठा पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. हॉटेलच्या अंगणात बर्फाचा गणपती करून, गरम मॅगी खाऊन परत आलेली सहलही चांगली सहल असते.

यंदा कोणी उत्तरेला निघालं असेल तर बॅगेत लोकरीचे मोजे भरताना कंपासपेटीतला गुण्याही टाका. आणि गाडीत बसण्याआधी, आजव्याची पातळी पाहतो तसा, त्या जिल्ह्याचा बर्फाचा इशारा एकदा पाहून घ्या.